तार ओढली, तरी वायफाय रांगतंच: दोष भिंतीचा की हवेचा?

घरात वायफाय पोचत नाही म्हटल्यावर आजकाल एकच सल्ला मिळतो: मेश घ्या. मेश घेऊनही पोचत नसेल तर पुढचा सल्ला: डबे आपसात वायरने जोडा. आणि तेही करून झाल्यावर व्हिडिओ कॉल गोठतच असेल, तर सल्ला देणारा खांदे उडवतो आणि म्हणतो, तुमच्या भिंतीच जाड आहेत.

या तिसऱ्या टप्प्यावर अडकलेले तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पण ही 'दहा उपाय' छापाची यादी नाही. मला या सल्ल्यांच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल बोलायचं आहे, कारण ते संशोधन एक सांगतं आणि त्याच्या नावावर बाजारात खपणारं शहाणपण दुसरंच. काही ठिकाणी तर खुद्द संशोधनाशीही माझा वाद आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. मेश म्हणजे जाळं. संशोधनात या शब्दाचा अर्थ पक्का होता: एक नोड दुसऱ्याला हवेतून निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि वाट कुठली धरायची हे ती यंत्रणा स्वतः ठरवते. तुम्ही डब्यांमध्ये वायर ओढली त्या क्षणी हे सगळं संपतं. उरतात ते एकाच नावाचे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट. यात वाईट काहीच नाही, उलट चांगलंच आहे. फक्त त्यानंतर मेशचे नियम लावून दुखणं शोधू नका.

आणि लोक नेमके तेच लावतात. 'प्रत्येक उडीला वेग अर्धा होतो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे एक चांगला शोधनिबंध आहे. जिनयांग ली आणि एमआयटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तो मोबिकॉम परिषदेत मांडला. एका ओळीत उभे असलेले नोड, सगळ्यांकडे एकच रेडिओ, सगळे एकाच चॅनेलवर. पहिला दुसऱ्याला सांगतोय तोवर दुसऱ्याला तिसऱ्याशी बोलता येत नाही, कारण त्याचा रेडिओ ऐकण्यात गुंतलाय. शिवाय रेडिओचा गोंगाट त्याच्या निरोपापेक्षा लांब पोचतो, म्हणून पलीकडच्यालाही गप्प बसावं लागतं. त्यांचा हिशेब असा की लांब साखळीत आदर्श परिस्थितीत मूळ क्षमतेच्या १/४ वेग मिळायला हवा, आणि वायफायच्या खऱ्या नियमांनी सिम्युलेशन केलं तर जवळपास १/७ मिळतो.

पाहा, यात 'दर उडीला अर्धा' कुठेच नाही. तसं असतं तर सहा उड्यांनंतर १/६४ उरला असता. साखळी लांबत गेली तरी वेग एका तळाशी येऊन थांबतो, कारण पुरेसं अंतर पडलं की साखळीतले लांबचे दोन नोड एकाच वेळी बोलू शकतात. निबंधातला हाच सुंदर भाग लोककथेत गळून गेला. बरं, वायर ओढल्यावर डब्या-डब्यांमधली उडी हवेत होतच नाही, तेव्हा हा नियम अर्धाही लागू नाही आणि पावही नाही. वायरने जोडलेल्या घरात कुणी उड्या मोजून दाखवायला लागलं तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

मग दोष कुणाचा? इथे एक जुनं भांडण सांगावंसं वाटतं. त्याची एक बाजू आपल्या पवईत आहे.

एमआयटीच्याच लोकांनी केंब्रिज गावात छपरांवर अँटेना लावून रूफनेट नावाचं मेश उभारलं होतं. त्यातल्या ३८ नोडच्या मोजमापांवर २००४ मध्ये निबंध आला. बऱ्याच जोडण्या धड चालू नव्हत्या की धड बंद नव्हत्या. काही पॅकेट पोचायची, काही वाटेत मरायची. सिग्नल जोरकस आहे म्हणून जोडणी चांगली असेल, असंही म्हणता येईना. लेखकांनी बोट ठेवलं ते मल्टिपाथवर, म्हणजे एकच लहर भिंती-इमारतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी थोडी मागेपुढे पोचते आणि स्वतःलाच खोडते. दरीतल्या प्रतिध्वनीसारखं समजा. हे मत इतकं रुजलं की जोडणी मुळातच बेभरवशी असते असं धरून लोक पुढचं संशोधन करू लागले, त्यातून वाट शोधायच्या हुशार पद्धती काढू लागले.

आयआयटी मुंबईचे भास्करन रामन, कामेश्वरी चेब्रोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा डोळा ग्रामीण भागातल्या मेशवर होता. २००८ च्या इन्फोकॉम परिषदेत त्यांनी सरळ उलट निष्कर्ष मांडला: ग्रामीण ठिकाणी मोजलं तर जोडणी स्थिर असते, तिच्याबद्दल अंदाज बांधता येतो, आणि सिग्नलचा जोर व चुकांचं प्रमाण यांचं नातं पक्कं असतं. बेभरवसा येतो तो मल्टिपाथमुळे नव्हे, तर दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्याने, म्हणजे इंटरफिअरन्सने. यावर न थांबता त्यांनी आधीच्या अभ्यासांतली आकडेवारीही पुन्हा तपासली आणि तीही आपल्याच बाजूने साक्ष देते असं दाखवलं. दुसऱ्याचाच पुरावा घेऊन त्याचाच निष्कर्ष उलटवणं हा टीकेचा मला सर्वांत आवडणारा प्रकार आहे.

साध्या भाषेत हा वाद म्हणजे: दोष भिंतीचा की शेजाऱ्याचा?

आता विंझरला या. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. तोरण्याला निघालेले ट्रेकवाले इथूनच पुढे जातात. माझ्या आत्याचं घर इथे आहे. दगडी जोतं, हातभर रुंदीच्या भिंती, वर पत्रा, पुढे ओसरी, मधे माजघर, मागे पडवी. आत्या शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांची जेवणाखाण्याची आणि मुक्कामाची सोय करते. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, पडवीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. संध्याकाळी त्याचे अमेरिकेशी कॉल असतात. ते गोठायला लागले, आणि वरिष्ठाने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली: नेट सुधार, नाहीतर ऑफिसला ये. ऑफिसला येणं म्हणजे नऱ्ह्यात खोली भाड्याने घेणं, आणि आत्याने घर एकटीने बघणं. तीन डब्यांचा मेश संच आणून झाला होता. वायरमनने ओसरीपासून पडवीपर्यंत बाहेरून कॅट-सिक्स वायर ओढून दिली होती. कॉल गोठतच होते. शेवटचा इलाज म्हणून भिंतीला मोठं भोक पाडायचं घाटत होतं, तेव्हा आत्या म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी बांधलेल्या भिंतीला फोनवाल्यांनी नावं ठेवलेली मला चालायची नाहीत."

आत्याचा मुद्दा भावनिक असला तरी शास्त्राला धरून होता. भिंत सकाळी दहाला जेवढी जाड, तेवढीच संध्याकाळी सातला. दादाचं नेट सकाळी बरं, संध्याकाळी वाईट आणि शुक्रवारी संध्याकाळी फारच वाईट. जे दुखणं घड्याळ आणि वार बघून येतं, ते दगडाचं नसतं.

तर मोजायचं कसं? स्पीड टेस्टने नाही, निदान नुसत्या स्पीड टेस्टने नाही. स्पीड टेस्ट सांगते पाइप किती रुंद आहे. कॉल गोठतो तो पाणी थांबून-थांबून आल्याने. व्हिडिओ कॉलला दोन-चार मेगाबिट पुरतात. त्याला लागतं ते वेळेवर पोचणं. आयटीयूच्या जी.११४ शिफारशीत बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा असं म्हटलंय. म्हणून पिंग मोजा, आणि तो तीन तुकड्यांत मोजा. लॅपटॉप वायरने फायबरवाल्याच्या डब्याला लावून बाहेरचा पिंग. मग पडवीतल्या डब्याला वायरने लावून तोच. मग वायर काढून वायफायवर, पण बाहेर नव्हे तर घरातल्याच मुख्य राउटरला पिंग. तीन मोजण्यांत दुखणं कुठल्या तुकड्यात आहे ते कळतं. या संचाच्या अ‍ॅपमध्ये यातलं काही दिसत नाही. तिथे तीन हिरवे ठिपके आणि 'जोडणी उत्तम' एवढंच. वायरवर नक्की किती वेग ठरलाय, चॅनेल किती टक्के वेळ भरलेला आहे, हे डब्याला ठाऊक असतं. ते ग्राहकापासून लपवणं याला मी सोपेपणा म्हणणार नाही.

वायर तपासली तर आकडा आला ९४. हा आकडा ओळखीचा करून घ्या. इंटरनेट २०० चं असताना वायरवर ९४ च्या आसपास अडकलात, तर वायर गिगाबिटऐवजी १०० वर चालते आहे. १०० मेगाबिट इथरनेटला आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. जॅक मारताना एखादी तार नीट बसली नाही की दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. दिवा लागतो, वायरमन पैसे घेतो. दादाला वाटलं चोर सापडला. पण ९४ मेगाबिटमध्ये कॉल गोठत नाही. एक खरा दोष सापडला म्हणून आपलं दुखणं त्याच्याचमुळे आहे असं होत नाही. पडवीत वायरवर मोजलेला पिंग सकाळभर सपाट होता. वायर निर्दोष सुटली, निदान या गुन्ह्यातून.

उरली हवा. पडवीतला डबा दादाच्या टेबलापासून दोन हातांवर, आणि लॅपटॉप मात्र माजघरातल्या डब्याला चिकटलेला, तोही २.४ गिगाहर्ट्झवर. कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडायचं हे शेवटी लॅपटॉप किंवा फोन ठरवतो, डबा नाही. डबा फार तर सुचवतो. माजघरात चहा घेताना जोडलेला लॅपटॉप पडवीत आला तरी जुनी ओळख सोडेना. हे फार ठिकाणी होतं, यावर जास्त बोलत नाही.

त्याहून गंमतीची गोष्ट पुढे. तिन्ही डबे २.४ वर एकाच चॅनेलवर होते, आणि फायबरवाल्याच्या डब्याचं स्वतःचं वायफायही चालू होतं, तेही त्याच चॅनेलवर. मेश हवेतून जोडलेलं असतं तेव्हा अनेक संचांत सगळे डबे एका चॅनेलवर ठेवावेच लागतात, नाहीतर ते एकमेकांशी बोलणार कसे? वायर आल्यावर ही सक्ती उरत नाही. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे तीन चॅनेल आहेत. तीन डब्यांना तीन वाटून देता आले असते. या संचात ती सोयच नव्हती. म्हणजे चार डबे एकाच खोलीतल्या चार माणसांसारखे, एक बोलला की तिघे गप्प.

पवईच्या निबंधाशी माझा थोडा वाद आहे तो इथे. तिथे भिंग घराबाहेरच्या जोडण्यांवर होतं आणि इंटरफिअरन्स म्हणजे बहुतेक परक्याचा गोंगाट. विंझरला आत्याच्या घरात शेजाऱ्याचं वायफाय जेमतेम दिसतं. तरीही निष्कर्ष लागू पडतो, कारण शेजारी आपण विकत आणलेत. वेग वाढवायला म्हणून घरात आणलेला प्रत्येक डबा हा त्याच चॅनेलवरचा आणखी एक बोलका शेजारी असतो. घरगुती मेशची जाहिरात 'जितके डबे जास्त तितकं बरं' असं सुचवते; छोट्या घरात ते साफ चुकीचं ठरू शकतं.

पण चार डबे नुसते असल्याने कॉल गोठत नाही, कुणीतरी बोलत राहावं लागतं. बोलत होता तो कॅमेरा. ट्रेकवाल्यांच्या गाड्या लागतात त्या अंगणाच्या टोकाला वायफाय कॅमेरा आहे. तो माजघरातल्या डब्याला जेमतेम धरून चोवीस तास चित्र पाठवत असतो. सिग्नल अशक्त, म्हणून सर्वांत संथ वेगाने.

२००३ मध्ये मार्टिन ह्यूस आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी दाखवलेला दोष हाच. वायफायचा मूळ नियम सगळ्यांना बोलायची संधी सारखी देतो, वेळ सारखा देत नाही. हिशेब करून बघा. १,५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ३०० मेगाबिटने बोलणाऱ्या लॅपटॉपला त्यासाठी ४० मायक्रोसेकंद लागतात. ६ मेगाबिटने रखडणाऱ्या कॅमेऱ्याला २,०००. दोघं आलटून पालटून एकेक पॅकेट पाठवतायत, तर दर २,०४० मायक्रोसेकंदांत प्रत्येकाचं एकच पॅकेट जातं, म्हणजे दोघांनाही सहा मेगाबिटच्या आतच वेग. कॅमेऱ्याचं फारसं बिघडत नाही. लॅपटॉप मात्र ३०० वरून त्याच्या पंगतीला येऊन बसतो. आजचं वायफाय अनेक पॅकेट एका गठ्ठ्यात बांधून पाठवतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके कोरडे नसतात. कल मात्र हाच राहतो. एसटीच्या खिडकीवर रांग सरळ असली तरी पुढचा माणूस सुट्टे पैसे मोजत बसला की सगळे खोळंबतात, तसं.

यावर औषध निघालंय. २०१७ मध्ये टोके हॉयलंड-यॉर्गनसेन, डेव्ह टाट आणि इतरांनी युझेनिक्स परिषदेत मांडलेल्या निबंधात अ‍ॅक्सेस पॉइंटमध्येच रांगा नव्याने रचल्या आणि संधीऐवजी हवेतला वेळ वाटून दिला. ताण असतानाचा उशीर सुमारे दहापटीने घटला. काम लिनक्समध्ये गेलं, कुणालाही वापरता येतं. उत्तम निबंध आहे, वाचाच. पण त्याच्या सारांशातला एक शब्द लोक वगळतात. समान वेळेचं जवळपास परिपूर्ण वाटप त्यांनी दाखवलंय ते टीसीपीसाठी, आणि यूडीपीच्या फक्त उतरत्या दिशेसाठी. साहजिकच आहे, अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतःच्या तोंडाला आवर घालू शकतो. टीसीपीत पोचपावत्या त्याच्याच हातून जातात, म्हणून तिथेही लगाम लागतो. पण पावतीची वाट न बघता यूडीपीने चित्र वर ढकलणारा कॅमेरा त्याच्या ताब्यात नसतो. ग्रामीण घरांत, दुकानांत आता सगळीकडे हेच कॅमेरे आहेत. शिवाय तिथली चाचणी एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटभोवतीची. एकमेकांच्या कानाशी बसलेले चार डबे त्या चित्रात नाहीत. निबंधाचं मोल याने कमी होत नाही. 'हे असलेला राउटर घ्या, प्रश्न सुटेल' असं सांगणाऱ्याला मात्र हे विचारायला हवं.

कॅमेरा बंद करून मोजलं. मुख्य राउटरचा पिंग, जो दोनशे-अडीचशेपर्यंत उड्या मारत होता, तो चार-पाच मिलिसेकंदांवर येऊन बसला. पुन्हा चालू केला, पुन्हा उड्या. तीनदा केलं. त्या दिवशी पाऊस नव्हता, पाहुणे नव्हते, बाकी काहीच बदललं नव्हतं. कॅमेऱ्याला वायरचं भोक होतं, त्याला वायर दिली. फायबरवाल्याच्या डब्याचं वायफाय बंद केलं. आणि दादाचा लॅपटॉप पडवीतल्या डब्याला सरळ वायरने जोडला. वायर एवढ्या लांबून ओढत टेबलापर्यंत आणायची आणि शेवटचे दोन हात हवेतून उडी मारायची, हा कुठला न्याय?

सोमवार ते गुरुवार प्रश्न मिटला. शुक्रवारी पुन्हा गोठलं, वायरवर असूनही. हा वेगळा आजार, आणि तो तीन तुकड्यांच्या मोजणीत पहिल्याच तुकड्यात दिसला. शुक्रवारी मुक्कामी आलेल्यांचे फोन आपोआप फोटो वर चढवतात. चढत्या दिशेला या जोडणीचा वेग २० मेगाबिटच. डब्यात १ मेगाबाइटची रांग मावत असेल तर ती म्हणजे ८ मेगाबिट; २० च्या वेगाने ती उपसायला ०.४ सेकंद. दादाचा आवाज त्या रांगेच्या शेपटीला. याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत काढली: रांग किती लांब हे न बघता पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं, आणि फार थांबत असतील तर काही टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा आपसूक हळू होतो. पुढे २०१८ च्या आरएफसी ८२९० मध्ये तिचं एफक्यू-कोडेल रूप आलं, त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग. माझ्याकडच्या एका जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी घालून तो मधे बसवला आणि चढता वेग मुद्दाम १८ वर बांधला. रांग परक्या डब्यातून आपल्या डब्यात आली, आणि आपल्या डब्याला शिस्त आहे. दोन मेगाबिट सोडून दिले, कॉल मिळाला. त्यानंतरचे दोन शुक्रवार कोरडे गेलेत. दादा अजून विंझरलाच आहे.

भिंत अगदी निर्दोष आहे असंही मी म्हणत नाही. ओसरीतल्या डब्याचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल माजघरात येता येता अर्धमेला होतो, आणि ओला दगड-माती कोरड्यापेक्षा रेडिओलहरी जास्त खाते. वेल्हे-राजगड भागातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. पवईच्या निबंधातून एक कसोटी मिळते: सिग्नलचा जोर आणि हरवलेली पॅकेट यांची नोंद ठेवायची. जोर घटला की हानी वाढली, असं नातं दिसलं तर भिंत. जोर तोच असून हानी वरखाली होत राहिली तर हवेत दुसरं कुणीतरी बोलतंय. माजघरात एक छोटं यंत्र दर मिनिटाला ही नोंद करत बसलंय. आषाढ-श्रावणाचे आकडे हाती आले की त्यावर लिहीन.

जोडी तुटलेली ती वायर अजून तशीच आहे. ९४ मध्ये दादाचं काम भागतं. नवा जॅक मारायला वायरमन 'उद्या येतो' म्हणालाय.